नऊ बोटांची जुडी

घर बघायला निघालेली माणसं नळ सोडून पाहतात, खिडकी उघडून पाहतात, भिंतीवर हात फिरवून ओल पाहतात. माझी बायको यातलं काहीच करायची नाही. ती आधी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे जायची, पालेभाजीची जुडी उचलायची, उलटी करायची, परत ठेवायची आणि माझ्याकडे बघून मान हलवायची. नाही. म्हणजे घर बघायला वर जायचंसुद्धा नाही. वर दलाल किल्ली घेऊन उभा, खाली मी घाम पुसत उभा, आणि ही नाही म्हणून मोकळी.

घरमालकाने जागा सोडायला सांगितली होती. त्याच्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि त्याला आमच्याच दोन खोल्या हव्या होत्या. माणूस भला, मुदतही भरपूर दिली. पण भल्या माणसाने दिलेली मुदतसुद्धा संपतेच. आम्हाला काही हे नवं नव्हतं. लग्न झाल्यापासून आम्ही विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊनच शहरभर फिरलोय. भाडं वाढलं की उठायचं, परवडेल तिथे जाऊन बसायचं. मूलबाळ नाही, त्यामुळे शाळेची भानगड नाही. या खेपेला मात्र बायकोने अट घातली. स्वस्त घर हवं आणि चालत जाता येईल इतक्या जवळ शेतकऱ्याच्या हातची ताजी भाजी हवी.

"आजच्या काळात यातलं एक मागावं," मी म्हटलं.

"मला दोन्ही हवंय," ती म्हणाली आणि चहा गाळायला लागली.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. या शहरातल्या निम्म्या इमारती मला आतून माहीत आहेत, म्हणजे जिथे रहिवासी कधी डोकावत नाहीत तिथून. त्यामुळे घर शोधायला मला दलाल लागू नये, पण लागतोच. आमच्या दलालाला आम्ही हवेशीर म्हणायचो. जागा कशीही असो, तो दार उघडून आधी दोन्ही हात पसरायचा आणि म्हणायचा, "हवेशीर!" एकदा त्याने दाखवलेल्या खोलीला खिडकीच नव्हती. तिथेही तो हवेशीर म्हणाला, पण जरा हळू आवाजात.

पहिलं घर माझ्या कारखान्याजवळ होतं. चौथा मजला, लिफ्ट चालू, भाडं आवाक्यात. मी मनातल्या मनात कपाटसुद्धा लावून टाकलं होतं. ही खालच्या चकचकीत दुकानात गेली, पारदर्शक पिशवीतली कोथिंबीर बघितली आणि बाहेर आली.

"इथली भाजी शिळी आहे."

"अगं, आपण घर घेतोय की भाजी?"

"घरात राहून खाणार काय, भिंती?"

दुसऱ्या ठिकाणी निदान भाजीवाली बसलेली होती. बायकोने तिच्यासमोर बसकण मारली आणि एकेक जुडी उलटी करून बघायला लागली. मुळा उलटा, पालक उलटा, कांद्याची पात उलटी. भाजीवालीने बराच वेळ सहन केलं. मग म्हणाली, "बाई, पानं वरच्या अंगाला असतात." मला हसू फुटलं. बायकोला नाही फुटलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती पानं बघतच नाहीये. देठाशी जिथे बांधलेलं असतं, तिथे तिचं बोट फिरत होतं.

तिसऱ्या घराच्या जिन्यात माझा पारा चढला. घर चांगलं होतं, हवेशीर दारात उभा होता, आणि ही अर्ध्या जिन्यातून परत फिरली होती. कारण काय, तर खाली हातगाडीवर सगळ्या जुड्यांना रबर लावलेलं होतं.

"रबर?" मी ओरडलोच. "रबर लावलंय म्हणून घर नको? तुला डॉक्टरने सांगितलंय का हे ताज्या भाजीचं खूळ? की त्या शिवणाच्या दुकानातल्या बायकांनी डोक्यात भरवलंय? सामान काय फुटपाथवर मांडायचंय आपण?"

ती पायरीवर बसली. पर्समधून तिने बटणांची चपटी डबी काढली. ती कपडे दुरुस्त करणाऱ्या दुकानात काम करते, त्यामुळे ही डबी तिच्याजवळ कायम असते. तिने झाकण उघडलं आणि बटणांच्या वरची एक वाळकी पात माझ्या तळहातावर ठेवली. लव्हाळ्याची पात, बांगडीसारखी गोल, वाळून कडक झालेली. पीळ डावीकडे, आणि टोक खालून वर खोचलेलं. गाठ नव्हतीच.

"ही आबांची आहे," ती म्हणाली.

आबा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. आता ही कथा मला सांगायलाच हवी, जरी तीत माझी बाजू फारशी चांगली नाही.

शहराबाहेर त्यांचा मळा. पालेभाजी पिकवायची आणि दव वाळायच्या आत बाजारात पोचवायची, हा त्यांचा धर्म. शेजारच्या गावात शीतगृह उभं राहत होतं, त्याची मालाची लिफ्ट बसवायला मी गेलो होतो. तिथे आमचं जमलं. तिची आई लहानपणीच गेलेली, धाकटा भाऊ शाळेत, घरचा कारभार हिच्याच हातात. आबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणाले, "शिळं ताजं म्हणून विकायची यंत्रं बसवतो हा. याला पोरगी देऊ?" मी बोलायला गेलो, तर मला अंगणातूनच परत पाठवलं. हिने माझ्याबरोबर यायचं ठरवलं, तेव्हा आबा तिला म्हणाले, "पुन्हा माझ्या दारात पाऊल ठेवायचं नाही." आणि ही म्हणाली, "नाही ठेवणार." झालं. बाप तशी लेक. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असली ही जात. ना त्यांनी बोलावलं, ना ही गेली. मधे वर्षं गेली, घरं बदलली, आणि दर घरात एकदा तरी ती आबांचं काहीतरी बोलून गप्प व्हायची.

आबांच्या उजव्या हाताची तर्जनी नव्हती. चारा कापायच्या यंत्रात गेली होती, ही जन्मायच्याही आधी. त्या बोटाशिवाय गाठ आवळता येत नाही. म्हणून त्यांनी स्वतःची एक तऱ्हा काढली होती. पाटाच्या कडेचं लव्हाळं घ्यायचं, जुडीभोवती फिरवायचं, डावीकडे पीळ द्यायचा आणि टोक खालून वर खोचायचं. बाजारात सगळे त्याला नऊ बोटांची जुडी म्हणायचे. ती कधी सुटत नसे, आणि ज्याला सोडायची त्याने नुसतं टोक ओढलं की मोकळी.

"दुकानात काजं करणाऱ्या बाईकडे शेपूची जुडी होती," बायको जिन्यात सांगत होती. "तिच्या पाहुण्यांनी आणलेली. नदीपलीकडच्या कुठल्याशा बाजारातून, एवढंच तिला माहीत. मी बांधणी बघितली आणि माझ्या हातातली कात्री पडली. ही पात त्याच जुडीची. आबा शहरात येतायत. कुठल्या तरी बाजारात बसतायत."

"मग सरळ मळ्यावर जाऊ की."

"दारात पाऊल ठेवायचं नाही म्हणालेत."

"अगं, किती वर्षं झाली त्याला!"

"मी पण नाही ठेवणार म्हणाले होते." तिने पात परत डबीत ठेवली. "पण बाजार काही आबांच्या बापाचा नाही. बाजारात गिऱ्हाईक आलं तर कोण हाकलतं? मी जाईन, जुडी उचलीन आणि विचारीन, कशी दिली? त्यांना भाव तरी सांगावाच लागेल. तेवढं बोलले तरी पुष्कळ झालं."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसलो. वरून हवेशीरने विचारलं, येताय ना. मी त्याला सांगितलं, हे घर आम्हाला नको, नदीपलीकडची दाखव.

पुढच्या सुट्ट्या आम्ही नदीपलीकडच्या वस्त्या पालथ्या घातल्या. आता मीसुद्धा जुड्या उलट्या करायला लागलो होतो. सुतळी, रबर, चिंध्या, प्लास्टिकच्या पट्ट्या. लोक जुडी किती परींनी बांधतात हे मला या वयात कळलं. बायको मात्र लांबूनच नाही म्हणायची. तिला लागतंच किती? दुकानात आलेल्या कपड्याची नुसती शिवण बघून ती सांगते, ही कुणाच्या हातची. प्रत्येकाचा हात वेगळा असतो, ती म्हणते, तो लपत नाही.

बस जिथे संपते तिथे ती जागा सापडली. तीन मजली जुनी इमारत, समोर बाजाराचं मोठं आवार. त्या दिवशी बाजार नव्हता. सिमेंटचे ओटे रिकामे, पाण्याने धुतलेले, आणि कोपऱ्यात कोबीच्या बाहेरच्या पानांचा ढीग. "बाजाराच्या दिवशी पहाटेपासून गलका असतो," हवेशीर पहिल्यांदाच खरं बोलला. "ट्रक, हमाल, आरडाओरडा. म्हणून इथे भाडं कमी. झोप प्यारी असणारे इथे राहत नाहीत."

तळमजल्यावर किराणा दुकान होतं. दारात पाण्याच्या टबात थोड्या जुड्या उभ्या ठेवलेल्या. शेपूचा वास मला दुरूनच आला. शेपू आणि माझं जन्माचं वैर. ती शिजत असेल तर मी घराबाहेर जातो. मी नाक मुरडून रस्त्याच्या कडेला झालो, आणि वळून बघतो तर बायको टबापाशी जमिनीवर बसलेली. एक जुडी तिच्या मांडीवर होती. पात हिरवीगार होती. पीळ डावीकडे, टोक खालून वर.

ती रडत होती आणि हसतही होती. किराणावाला गोंधळून माझ्याकडे बघायला लागला.

"कुठून येते ही?" मी विचारलं.

"मळ्यातून. काल बाजार होता ना. ती मळ्याची गाडी दर बाजाराला येते, टाकीपाशी ओटा आहे त्यांचा. उरलेला माल मी उचलतो. ताजी आहे हो, उद्यापर्यंत टिकेल."

मी तिला म्हटलं, घाई कशाला, पुढच्या बाजाराला येऊ, आबांना भेटू, मग घराचं बघू. शहाणपणाचं बोललो असं मला वाटलं. ती उभी राहिली, साडीची धूळ झटकली आणि म्हणाली, "नाही. आधी घर. मी त्यांना शोधत आले असं दिसता कामा नये. मी इथे राहते, म्हणून भाजी घ्यायला खाली उतरले. बस्स."

घर वर जाऊन बघितलं ते नावापुरतं. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. शहरभर लोकांना वरखाली नेणारा मी आता जिने चढणार होतो. मोरीचा नळ गळका, भिंतीला ओल, पण खिडकी मोठी, आणि खिडकीतून ती पाण्याची टाकी आणि तिच्याखालचा ओटा समोर दिसत होता. हवेशीरने हात पसरले, पण बायकोच म्हणाली, "हवेशीर आहे." तो बिचारा हात पसरून तसाच राहिला.

सामान हलवलं. मी नळ बदलला, पडद्याचे दांडे ठोकले. ती खोक्यातून भांडी काढता काढता मधेच थांबायची.

"कशी दिली जुडी?" ती विचारायची. मग मला म्हणायची, "जरा तुसडं वाटतं का हो?"

"जरासं."

"कशी दिली हो जुडी?"

"आता फार गोड झालं. ओळखीचं गिऱ्हाईक वाटतंय."

लग्नाआधी ती मला अरे-तुरे करायची. लग्नानंतर आपणहून अहो-जाहोवर आली, का ते मी कधी विचारलं नाही. त्या दिवसांत ती इतकी खुशीत होती की दोन्हीची सरमिसळ व्हायची. मला स्टुलावर बसवून ती म्हणायची, तू आबा हो. मी आबा व्हायचो. ती पिशवी घेऊन यायची आणि भाव विचारायची. मी एकदा म्हटलं, "तुला फुकट." त्यावर ती चिडली.

"आबा फुकट देणारे नाहीत. आबा भाव सांगतील. मग मी म्हणेन, महाग आहे. मग ते चिडतील. महाग? पहाटे उठून बघ एकदा, म्हणतील. मग मी म्हणेन, उठायचे की रोज, विसरलात का? आणि मग..." पुढे काय, ते तिला ठरवता यायचं नाही. ती परत भांडी काढायला लागायची.

मला तिच्यासाठी भीती वाटत होती. बापाने तोंड फिरवलं तर काय, याची. ओट्यावरच्या माणसाने नुसतं दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, तर ही जिने चढून वर कशी येणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. त्याच्या पलीकडचं काही मनात आलंच नाही. तिच्या तर नाहीच. जुडीची पात हिरवी होती, कालची होती. हिरव्या पातीपुढे कुणाला शंका येईल?

बाजाराच्या दिवशी खरंच पहाटेपासून गलका सुरू झाला. ती केव्हाच तयार होऊन बसली होती. साडी रोजचीच, कारण नवी नेसली तर मुद्दाम आल्यासारखं दिसेल. केस मात्र दोनदा विंचरले. उजाडल्यावर आम्ही खाली उतरलो. मी मागे राहायचं, पिशवी धरायची आणि तोंड उघडायचं नाही, असं ठरलं होतं.

टाकीखालच्या ओट्यावर शेपू, पालक, कांद्याची पात, सगळं रचून ठेवलेलं होतं. सगळ्या जुड्या लव्हाळ्याने बांधलेल्या. मागे एक तरुण बाई बसली होती, डोक्याला रुमाल, पुढ्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेलं लव्हाळं. ती मोकळी शेपू उचलत होती आणि बांधत होती. आजूबाजूला पुरुषमाणूस कुणीच नव्हतं. आबा गाडीपाशी असतील, मला वाटलं. बायकोलाही तेच वाटलं असावं, कारण तिने मान उंच करून गाडीकडे बघितलं, आणि मग वेळ काढायला म्हणून त्या बाईच्या हातांकडे बघायला लागली.

त्या बाईची दहाही बोटं धड होती. तरीही तिने उजवी तर्जनी आत मुडपून घेतली होती. त्या बोटाशिवाय ती पात फिरवत होती, डावीकडे पीळ देत होती आणि टोक खालून वर खोचत होती. एक झाली की दुसरी. किती अवघड काम! चांगलं बोट असून ते न वापरणं.

माझी बायको दुकानात नव्या मुलींना तुरपाई शिकवते. शिकवून शिकवून अशी तयार करते की हिचा टाका कुठला आणि मुलीचा कुठला, हे गिऱ्हाइकाला काय, मालकालाही कळत नाही. हात शिकवता येतो, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? आणि तिलाच ते सुचलं नव्हतं. तिचा चेहरा बघताना मला कळलं की आता सुचलंय.

तरी तिने जुडी उचलली. पाठ केलेलंच तिच्या तोंडून आलं.

"कशी दिली?"

बाईने भाव सांगायला तोंड उघडलं, पण बायकोने जुडी उलटी केली होती. तिचं बोट पिळावरून फिरून टोकाशी थांबलं होतं. बाईने ते बोट बघितलं. मग वर चेहऱ्याकडे बघितलं. तिच्या हातातली पात खाली पडली.

"वन्सं?" ती म्हणाली.

ही आमची भावजय. हिच्या धाकट्या भावाचं लग्न झालेलंही आम्हाला माहीत नव्हतं.

"आबा कुठे आहेत?" बायकोने विचारलं.

भावजय ओट्याला वळसा घालून बाहेर आली. तिने बायकोचा हात धरला आणि सांगितलं. आबा गेले. मागच्या उन्हाळ्यात. आधी उजवा हात लुळा पडला, मग बोलणं जड झालं, मग ते गेले. धाकट्याने जुन्या पत्त्यावर माणूस पाठवला होता. तिथे दुसरंच कुणी राहत होतं, त्यांना आमचा पत्ता ठाऊक नव्हता.

बायको माझ्याकडे वळली. "अरे," ती म्हणाली, "आबा गेले रे." जणू मी तिथे नव्हतोच आणि मला ते सांगायला हवं होतं. मी तिला ओट्याच्या कडेवर बसवलं. तिच्या हातातली जुडी तिने सोडली नाही.

गिऱ्हाइकं येत होती, बघत होती आणि निघून जात होती. भावजय खाली तिच्यासमोर उकिडवी बसली आणि बोलत राहिली. बरेच दिवस कुणाला तरी सांगायचं राहिलेलं असावं तसं.

"मी सुतळीनं बांधायचे, वन्सं. पटापट व्हायचं. हात गेल्यावर आबा माझ्यासमोर स्टूल टाकून बसले आणि मी बांधलेली एकूणएक जुडी सोडायला लावली मला. म्हणाले, दहा बोटांनी बांधू नकोस, नऊ बोटांनी बांध. मला रडू यायचं. हे पण चिडायचे, आबा, रबर लावू, कोण बघतं बांधणी? तर म्हणाले, ती बघेल. लहानपणी नवा कपडा आणला की ती आधी उलटा करायची, शिवण बघायला. ती पानं बघायची नाही, बांधणी बघेल. मी नसलो तरी बांधणी बदलायची नाही."

बायकोचं बोट जुडीच्या पिळावरून फिरत राहिलं.

"आधी आम्ही शहराच्या अलीकडच्या बाजारात बसायचो. चांगला धंदा होता. आबांनीच हट्ट धरला, इथं बसायचं. एवढ्या लांब, वन्सं. हे म्हणाले, इथं काय आहे? तर म्हणाले, इथं भाडं कमी आहे. ती भाड्याच्या घरात राहते, फिरत फिरत परवडेल तिथं येणार. आणि तिला शिळी भाजी चालत नाही, मी वाढवलीय तिला. स्वस्त घर आणि ताजी भाजी दोन्ही इथंच आहे. आज ना उद्या इथंच येईल. पाय चालत होते तोवर दर बाजाराला येऊन बसले. या इथं, तुम्ही बसलाय तिथं."

मी आमच्या खिडकीकडे बघितलं. मी लावलेला पडदा वाऱ्याने बाहेर आला होता. मला आबांचा राग आला, खरं सांगतो. म्हाताऱ्याला एवढं सगळं सुचलं, सगळा हिशेब बरोबर निघाला, आणि मग एक वर्षसुद्धा थांबता येऊ नये? आणि स्वतःचाही राग आला. आम्ही आधी चकचकीत दुकानांच्या वस्त्यांत भाडी भरत बसलो, त्याऐवजी तेव्हाच इकडे आलो असतो तर?

बायकोने विचारलं, "मी आले तर काय बोलायचं, ते काही म्हणाले होते?"

"मी विचारलं होतं. म्हटलं, आबा, वन्सं आल्या आणि भाव विचारला तर काय सांगायचं? ते हसले. म्हणाले, काय सांगायचं ते ठरवलंय मी, तू नको सांगूस. ते माझं मी बघीन." भावजयीने डोळे पुसले. "मला नाही सांगितलं, वन्सं."

तेव्हा बायको रडली. ती कधी अशी रडलेली मी बघितली नव्हती. तोंडाला पदर न लावता, भर बाजारात, लहान मुलासारखा मोठा आवाज काढून. शेजारच्या ओट्यावरचा बटाटेवाला वजन करायचा थांबला. भावजय तिच्या पाठीवर हात फिरवत होती आणि मी पिशवी धरून उभा होतो, कारण पिशवी धरायची एवढंच ठरलं होतं.

धाकटा गाडी लावून आला. त्याने लांबूनच बहिणीला ओळखलं आणि मधेच थांबला. मग आला आणि तिच्या शेजारी ओट्यावर बसला. निघताना भावजयीने आमच्या पिशवीत भाजी भरली. बायकोने पर्स उघडली.

"अहो, काय हे, वन्सं!"

"भाव सांग," बायको म्हणाली. "मी गिऱ्हाईक आहे."

भावजयीला ते काही सांगता आलं नाही. बायको पर्स उघडी धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग तिने ती मिटली.

वर आल्यावर तिने जुडी ताटात ठेवली आणि तिच्यासमोर बसून राहिली. दुपारी तिने टोक ओढलं. ती अलगद मोकळी झाली, आबांची व्हायची तशीच. पात तिने उजेडात धरली, आतली बाजू बघितली, बाहेरची बघितली.

"छान शिकलीय हो," ती म्हणाली. "कुठे म्हणजे कुठे फरक नाही."

मग तिने डबीतली वाळकी पात काढली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. वाळकीही भावजयीच्याच हातची होती, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं. आबांच्या हातची एकही आमच्याकडे नव्हती.

संध्याकाळी तिने शेपू शिजवायला घेतली. वास घरभर पसरला. सवयीने तिने दार उघडून धरलं, मी बाहेर जाणार म्हणून. मी गेलो नाही. ताट घेऊन बसलो आणि तिने जेवढी वाढली तेवढी सगळी खाल्ली.

"कशी झालीय?" तिने विचारलं.

"ताजी आहे," मी म्हणालो.